पैसा गावातच राहावा म्हणून: ग्युसिंग पालिकेचं ऊर्जा-प्रकरण

ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, हंगेरीच्या सीमेजवळच्या टेकड्यांत ग्युसिंग नावाचं एक गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आत. १९९० मध्ये इथल्या पालिकेने ठराव केला की खनिज तेल, कोळसा आणि गॅस यांवरचं अवलंबन पूर्णपणे सोडायचं. पुढची वीसेक वर्षं हे गाव जगभर गाजलं. अभ्यासदौरे आले, मंत्री आले, २०१२ मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरही येऊन गेला. पुढच्याच वर्षी गावाच्या सर्वांत नावाजलेल्या वीजप्रकल्पाचं दिवाळं निघालं.

कौतुकाची अर्धी गोष्ट अनेकांनी सांगितली आहे आणि अपयशाची अर्धी गोष्ट टीकाकारांनी. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत काम करणाऱ्याला दोन्ही सलग वाचल्याशिवाय फार काही हाती लागत नाही. गावाचं नाव सार्वजनिक नोंदीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. गावातल्या माणसांचा उल्लेख मात्र त्यांच्या पदानेच केला आहे.

पार्श्वभूमी

ग्युसिंग ज्या बुर्गेनलांड प्रांतात आहे, तो १९२१ पर्यंत हंगेरीचा भाग होता. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रियाला मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडे लोखंडी पडदा (कम्युनिस्ट पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यातली बंदिस्त सीमा) उभा राहिला आणि गाव देशाच्या अगदी कडेला जाऊन पडलं. ज्या हंगेरियन बाजारपेठांशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार होता, त्या काटेरी तारांपलीकडे गेल्या. सीमेवर कधी काय होईल याचा भरवसा नसल्यामुळे मोठा कारखाना टाकायला कोणी धजावत नव्हतं. गावाला रेल्वे उरली नव्हती आणि एक्सप्रेसवे जवळपासही नव्हता. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या सुळक्यावर मध्ययुगीन किल्ला आहे. पाहुण्याला दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

शेतीची गत आपल्या वाचकाला वेगळी सांगायला नको. हंगेरियन काळापासून इथे वारसांमध्ये जमिनीच्या सारख्या वाटण्या होत आल्या, त्यामुळे शेतं पट्ट्यापट्ट्यांची. जंगलाचंही तेच. ग्युसिंग जिल्ह्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली आहे, पण ते खासगी मालकीच्या बारीक तुकड्यांत विभागलेलं. अनेक मालक गावात राहतही नव्हते. आपला तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत आहे हे ठाऊक नसलेलेही त्यांत असायचे.

माणसांनी जो रस्ता धरला, तो ठरलेला होता. आधीच्या पिढ्या अमेरिकेत, विशेषतः शिकागोकडे गेल्या. नंतरच्या पिढीने व्हिएन्ना धरलं. सोमवारी पहाटे बसने निघायचं, आठवडाभर बांधकामावर राबायचं, शुक्रवारी रात्री घरी यायचं. कमावत्या लोकांपैकी बहुतेक असे आठवड्याचे चाकरमानी होते. १९८० च्या दशकाअखेरीस ग्युसिंग जिल्ह्याची गणना ऑस्ट्रियातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत व्हायची.

प्रश्न

पालिकेची अडचण सुरुवातीला हवामानबदलाची नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. अडचण तिजोरीची होती. शाळा, पालिकेची इमारत, रस्त्यावरचे दिवे यांची बिलं भरताना नाकी नऊ यायचे.

पालिकेच्या तांत्रिक कामाशी जोडलेला एक विद्युत अभियंता होता. त्याने प्रश्न थोडा फिरवून विचारला: पालिकेचंच कशाला, सगळ्या गावाचे ऊर्जेवर किती पैसे जातात आणि त्यांतले गावात किती उरतात? या कामातून पुढे उभ्या राहिलेल्या ऊर्जा केंद्राने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, १९९१ च्या सुमारास घरं, उद्योग आणि वाहनं मिळून ऊर्जेवर वर्षाला सुमारे ६२ लाख युरो खर्च होत होते (तेव्हाचं चलन शिलिंग, हा नंतर केलेला हिशोब) आणि त्यांतला जेमतेम दहावा हिस्सा त्या भागात राहत होता. बाकी सगळा तेलकंपन्या आणि वीजकंपन्यांकडे बाहेर जायचा. त्याच वेळी गावाभोवतीच्या जंगलात वारा-बर्फाने पडलेलं लाकूड कुजत होतं, कारण ते उचलून आणायला परवडत नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कसदार निर्णय म्हणजे प्रश्न मांडण्याची ही पद्धत. गरीब गाव म्हटलं की बाहेरून पैसा कसा आणायचा यावर सगळी डोकी चालतात. इथे आधी बाहेर जाणारा पैसा मोजला गेला. पुढच्या पंचवीस वर्षांत काय चाललं आणि काय फसलं, ते तपासायला हाच प्रश्न पुरेसा पडतो.

समोर असलेले पर्याय

अशा गावापुढे तेव्हा ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, वाट पाहण्याची. १९८९ मध्ये सीमा उघडली होती, ऑस्ट्रियाचा युरोपीय संघातला प्रवेश दिसू लागला होता. रस्ता होईल, कारखाने येतील, अशी आशा धरायची. दुसरी, पर्यटनाची. आसपासच्या गावांत गरम पाण्याच्या झऱ्यांवर आरोग्यस्नानाचा धंदा होता, इथे किल्ला होता. पण एका किल्ल्यावर गाव पोसलं जात नाही. तिसरी, निव्वळ बचतीची: दिवे बदला, इमारतींना उष्णतारोधक थर द्या, बिल कमी करा आणि थांबा. चौथी, बचतीपासून सुरुवात करून हळूहळू तेलाची जागा स्थानिक लाकडाला आणि शेतमालाला द्यायची.

नगरसभेने चौथी वाट धरली आणि ‘शंभर टक्के’ हे शब्द ठरावात घातले. त्या वेळी ही मोठीच उडी होती. ऑस्ट्रियाने १९७८ च्या सार्वमतात अणुवीज निसटत्या बहुमताने नाकारली होती, त्यामुळे ऊर्जेवर सार्वजनिक चर्चा करायची सवय देशाला होती. पण एका कंगाल पालिकेने असा ठराव करावा हे शेजाऱ्यांना हास्यास्पद वाटलं तर नवल नाही. ठरावाचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी ‘हे ठरावात बसतं का’ असं विचारता येऊ लागलं. नवी इमारत बांधताना तेलाचा बॉयलर बसवायचा की नाही, यावर पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागला नाही.

टप्पा पहिला: बिनचमकीची कामं

सुरुवात रस्त्यावरच्या दिव्यांपासून आणि पालिकेच्या इमारतींपासून झाली. खिडक्या, भिंती, हीटिंगची यंत्रणा, दिव्यांचं वेळापत्रक. पालिकेचा स्वतःचा ऊर्जाखर्च काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आला असं सांगितलं जातं. कोणी फोटो काढायला यावं असं यांत काही नव्हतं. पण वाचलेला पैसा खरा होता आणि पुढच्या कामाला हाताशी आला. मुख्य म्हणजे, पालिका बोलते ते करते हे गावाला दिसलं.

१९९१ मध्ये मोहरीवर्गातल्या रेपसीडच्या तेलापासून बायोडिझेल बनवणारा छोटा कारखाना सुरू झाला. जवळच्या वाड्यांमध्ये लाकडावर चालणाऱ्या सामायिक हीटिंगचे लहान प्रयोग झाले. एक बॉयलर, त्याभोवतीची मूठभर घरं, जमिनीखालून गरम पाण्याचे नळ. या वाड्यांमध्ये चुका स्वस्तात झाल्या. ओलं लाकूड आलं तर काय होतं, नळ किती खोल टाकायचे, बिल मीटरवर लावायचं की घराच्या आकारावर, हे सगळं मोठा पैसा अडकण्याआधी कळून आलं.

टप्पा दुसरा: गावभर गरम पाणी

१९९६ मध्ये गावाचं मोठं हीटिंग जाळं सुरू झालं. ऑस्ट्रियातल्या घरगुती ऊर्जेत सर्वांत मोठा वाटा खोल्या गरम ठेवण्याचा आणि गरम पाण्याचा असतो, दिवे आणि उपकरणं त्यामानाने किरकोळ. तेलाचा पैसा वाचवायचा तर हात इथेच घालायला हवा होता. एका ठिकाणी मोठ्या बॉयलरमध्ये लाकडाचे तुकडे जाळायचे, पाणी तापवायचं आणि उष्णतारोधक नळांतून घरोघरी न्यायचं. घरातला तेलाचा बॉयलर आणि तळघरातली टाकी जाऊन तिथे भिंतीवर एक लहान पेटी येते. शाळा, दवाखाना, पालिकेच्या इमारती आधी जोडल्या गेल्या, कारण त्यांची मागणी मोठी आणि खात्रीची होती. घरं मागून जोडत गेली. वाढत वाढत नळांची लांबी तीस किलोमीटरच्या पुढे गेली. एवढ्याशा गावासाठी हे जाळं अवाढव्य होतं.

त्यासाठी पैसा कुठून आला? १ जानेवारी १९९५ ला ऑस्ट्रिया युरोपीय संघात गेला आणि मागासलेल्या प्रदेशांसाठीच्या सर्वांत मोठ्या अनुदानगटात ऑस्ट्रियातून एकटं बुर्गेनलांड बसलं. गावाकडे तोपर्यंत ठराव होता, मोजलेला हिशोब होता, चालू प्रयोग होते. अनुदान आल्यावर योजना शोधणारी गावं पुष्कळ असतात. इथे योजना आधीपासून टेबलावर होती. हा योग जुळला नसता तर जाळं एवढं मोठं झालं नसतं, हे मान्य करायलाच हवं. जी गावं ग्युसिंगची नक्कल करायला निघाली त्यांतल्या कित्येकांनी हा मुद्दा वगळून हिशोब मांडला.

लाकडाचा पुरवठा वनमालकांच्या संघामार्फत बांधला गेला. तुकड्यातुकड्यांच्या मालकांना एकेकट्याने लाकूड काढणं परवडत नव्हतं. संघ माणसं आणि यंत्रं लावतो, लाकूड बाहेर काढतो, मालकाला पैसे देतो. कुजत पडलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळालं.

शिवाय पालिकेने उद्योगांना एक आमिष दाखवलं: स्वस्त आणि दीर्घ मुदतीच्या दराने उष्णता. लाकडी फरशी बनवणारे कारखाने आले. हा निर्णय मला विशेष हुशारीचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंनी लागू पडत होता. फरशीच्या कारखान्याला लाकूड वाळवायला बारा महिने उष्णता लागते, म्हणजे उन्हाळ्यात घरांची मागणी बसते तेव्हाही जाळ्याला गिऱ्हाईक उरतं. आणि कारखान्यातून निघणारा भुसा व तुकडे पुन्हा इंधन म्हणून परत येतात.

टप्पा तिसरा: लाकडापासून वीज

इथपर्यंत ग्युसिंग एक चांगलं चाललेलं गाव होतं. जगप्रसिद्ध झालं ते २००१ नंतर.

उष्णतेचा प्रश्न बराचसा सुटला होता, वीज मात्र अजून बाहेरूनच येत होती. व्हिएन्ना तंत्र विद्यापीठात लाकडाचं वायूकरण करण्याची एक नवी पद्धत प्रयोगशाळेत तयार झाली होती आणि तिला प्रत्यक्ष आकारात उभं करायला जागा हवी होती. गाव तयार झालं. साधारण कोटीभर युरोंचा प्रकल्प, त्यात अनुदानाचा मोठा वाटा.

यंत्र खरोखर देखणं होतं. दोन कप्पे, त्यांच्यामध्ये फिरत राहणारी ऑलिव्हिन खनिजाची तापलेली वाळू. पहिल्या कप्प्यात सुमारे ८५० अंश सेल्सिअसला लाकडाच्या तुकड्यांवर वाफ सोडायची. हवा आत येऊ द्यायची नाही, त्यामुळे वायूत नायट्रोजन मिसळत नाही आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड व थोडा मिथेन असलेला ज्वलनशील वायू मिळतो. उरलेला कोळसा वाळूबरोबर दुसऱ्या कप्प्यात जातो, तिथे हवेत जळतो, वाळू पुन्हा तापते आणि पहिल्या कप्प्यात परत येते. वायूतलं डांबर धुऊन काढायला बायोडिझेल वापरलं जायचं. स्वच्छ झालेला वायू गॅस इंजिनला. आत जाणारी लाकडाची ऊर्जा ८ मेगावॉट, बाहेर येणारी वीज २ मेगावॉट आणि गावाच्या जाळ्याला मिळणारी उष्णता साडेचार मेगावॉट.

या निर्णयावर थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथून फुटतं.

लाकूड जाळून वाफेवर टर्बाइन फिरवण्याची जुनी पद्धत इतक्या लहान आकारात फारच कमी वीज देते, म्हणून वायूकरणाचा मोह समजण्यासारखा होता. पण तिसरा पर्यायही देशातच होता. आडमोंट इथे १९९९ मध्ये आणि लिएन्झ इथे २००१ च्या सुमारास, पाण्याच्या जागी सिलिकॉन तेलाच्या वाफेवर चालणारी लहान टर्बाइनं लाकडाच्या हीटिंगला जोडली गेली. वीज कमी मिळते, पण यंत्र साधं असतं आणि फार माणसं लागत नाहीत. ग्युसिंगने प्रयोगशाळेतून पहिल्यांदाच बाहेर येणारं यंत्र निवडलं. म्हणजे एकाच यंत्राकडून दोन कामांची अपेक्षा ठेवली: विद्यापीठासाठी संशोधन आणि गावासाठी रोजची कमाई. संशोधनाला यंत्र मधूनमधून थांबवून बदल करावे लागतात. कमाईला ते न थांबता चालावं लागतं. सुरुवातीच्या काळात कुरबुरी झाल्या, त्या निस्तरून प्रकल्पाने वर्षाला हजारो तास चालण्याची मजल गाठली, हे तंत्रज्ञांचं कसब निर्विवाद.

दुसरी गोष्ट कागदावरची होती. तयार झालेली वीज गावाला थेट विकायची नव्हती. ती राष्ट्रीय जाळ्यात जायची आणि तिचा दर सरकारी हमीभावावर ठरायचा. २००२ च्या हरित वीज कायद्याने असा हमीभाव देशभर घालून दिला. हमीभाव ठरावीक मुदतीचा होता. आणि तो एकट्या ग्युसिंगला नव्हता, लाकडावर वीज करणाऱ्या सगळ्यांना होता.

लाकडाचा भाव

हमीभावाच्या जोरावर देशभर असे प्रकल्प उभे राहिले. २००६ मध्ये खुद्द व्हिएन्नात सिमरिंग इथे जंगलातल्या लाकडावर चालणारं प्रचंड वीजकेंद्र सुरू झालं. घरोघरी पेलेटच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांच्या) शेगड्या आल्या, कागद आणि पार्टिकल बोर्डचे कारखाने आधीपासून होतेच. ज्या लाकडाला १९९० मध्ये कोणी विचारत नव्हतं, त्यासाठी आता ओढाताण सुरू झाली.

आकडे मांडून पाहू. हिशोब माझा, ढोबळ. ८ मेगावॉटसाठी तासाला साधारण सव्वादोन टन लाकूड लागतं. वर्षाला साडेसात हजार तास धरले तर सुमारे १७ हजार टन. टनामागे दहा युरो भाव वाढला की वर्षाला १ लाख ७० हजार युरोंचा खड्डा. विजेचा दर मात्र बांधलेला. लाकूड महागलं म्हणून वीज महाग विकता येत नाही.

गावच्या हीटिंगचं तसं नव्हतं. तिथे लाकूड महागलं तर दर थोडा वाढवता येतो, आणि गिऱ्हाईक त्याची तुलना तेलाच्या भावाशी करतं. दर ठरवणारे आणि दर भरणारे एकाच गावात असतात, भांडण झालं तरी समोरासमोर होतं. विजेच्या बाबतीत खर्च बाजार ठरवत होता आणि उत्पन्न व्हिएन्नातलं सरकार. ज्या परावलंबनातून बाहेर पडण्यासाठी १९९० चा ठराव झाला होता, तेच नव्या दाराने आत आलं.

याच काळात गावाची कीर्ती मात्र चढत होती. पन्नासेक नव्या कंपन्या आणि हजाराच्या घरात नव्या नोकऱ्या, असे आकडे प्रचारसाहित्यात दिले जात. आठवड्याला शेकड्यांनी पाहुणे येत. संशोधन केंद्र उभं राहिलं, लाकडाच्या वायूपासून कृत्रिम नैसर्गिक वायू बनवण्याचा १ मेगावॉटचा प्रयोग झाला. सोलर सेलचा कारखाना आला. चिनी मालाचे भाव कोसळल्यावर तो टिकला नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराने ग्युसिंगचंच तंत्र घेऊन २० मेगावॉटचा प्रकल्प बांधला, आणि तोही पुढे परवडेना म्हणून २०१८ मध्ये बंद केला.

शेवट आणि आज

२०१३ मध्ये वीजप्रकल्प चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. पुनर्रचनेनंतर तो आणखी काही काळ चालला. २०१६ मध्ये हमीभावाची मुदत संपली आणि प्रकल्प बंद झाला. त्या वर्षी युरोपच्या घाऊक बाजारात एक युनिट वीज साधारण तीन सेंटला मिळत होती. या यंत्राला एक युनिट विजेसाठी चार युनिट ऊर्जेचं लाकूड घालावं लागायचं. सोबत मिळणाऱ्या उष्णतेचे पैसे धरले तरी तीन सेंटात हे बसणं शक्य नव्हतं. वायूकरणाचं संशोधन व्हिएन्नाकडे सरकलं.

वीजप्रकल्प गेल्यावर गावात थंडी पडली का? नाही. उष्णतेसाठी साधे बॉयलर होतेच. हीटिंगचं जाळं चालू राहिलं, फरशीचा धंदा राहिला, वनमालकांच्या संघाचं काम राहिलं. दिवे आणि इमारतींमधली बचत तर कोणी काढून नेऊ शकत नव्हतं.

लोकसंख्या मात्र वाढली नाही, उलट थोडी घटलीच. नोकऱ्या आल्या म्हणून चाकरमानी परत येऊन गावात स्थायिक होतील ही अपेक्षा फारशी पुरी झाली नाही. चांगल्या रस्त्यांमुळे ग्राट्स शहराकडे आणि व्हिएन्नाकडे रोज किंवा आठवड्याने जाणं उलट सोपं झालं. ऊर्जेच्या कामातून पगार मिळतो, पण तरुणांना गावात ठेवायला महाविद्यालय, दवाखाने, करमणूक हेही लागतं, आणि ते लाकूड जाळून तयार होत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मुद्दा यंत्राच्या मालकीचा. संशोधनाचं यंत्र आणि कमाईचं यंत्र वेगळं ठेवता आलं असतं. प्रयोगाचा धोका विद्यापीठ, राज्य आणि यंत्र बनवणाऱ्यांनी मिळून उचलायचा, गावाने फक्त मिळेल ती उष्णता ठरलेल्या दराने विकत घ्यायची. तसं झालं असतं तर प्रयोग संपला त्या दिवशी गावाने एक पुरवठादार गमावला असता, एवढंच. उलट बाजूने असंही म्हणता येईल की गावाने स्वतः जोखीम घेतली नसती तर विद्यापीठ दुसरीकडे गेलं असतं आणि पाहुणे, संशोधक, कंपन्या आल्याच नसत्या. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. फरशीचे कारखाने उष्णतेसाठी आले होते, वायूकरण पाहायला नव्हे.

दुसरा मुद्दा तारखेचा. हमीभाव कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या तारखेनंतर वीज किती दराने विकली जाईल याचा वाईटातला वाईट अंदाज घेऊन, त्या दिवसापर्यंत कर्ज फिटेल आणि यंत्र मोडीत काढायला पैसे उरतील अशी तजवीज करायला हवी होती. मुदतवाढ मिळेलच असं गृहीत धरणं हा अनुदानावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचा जुना रोग आहे.

तिसरा, लाकडाचे करार. विजेचा दर दशकभरासाठी बांधलेला असेल तर लाकडाचा दरही तितक्याच मुदतीसाठी, निदान वाढीची मर्यादा घालून, बांधायला हवा. वनमालकांना ते सहज पटलं नसतं, हे खरं. पण त्यांना प्रकल्पात भागीदारी दिली असती तर चढ्या भावाचा फायदा आणि प्रकल्पाचा तोटा एकाच खिशात आले असते. ऑस्ट्रियाच्या इतर खेड्यांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी चालवलेली हीटिंगची जाळी बरीच आहेत, म्हणजे नमुना घरातच होता.

चौथा मुद्दा ‘स्वयंपूर्ण’ या दाव्याचा. गाव वर्षाकाठी जेवढी ऊर्जा वापरतं तेवढी तयार करतं, असा तो हिशोब होता. घरं आणि पालिका धरली तर तो जुळायचा, उद्योग धरले की कमी पडायचा. आणि ही वार्षिक बेरीज-वजाबाकी होती. राष्ट्रीय जाळ्याची जोडणी तोडली असती तर गाव चाललं नसतं. हे लपवलेलं नव्हतं, पण व्याख्यानांमध्ये आणि बातम्यांमध्ये बारीक अक्षरातलं गळून गेलं. परिणाम असा की प्रकल्प बंद झाल्यावर ‘सगळंच खोटं होतं’ असं म्हणायला लोकांना वाव मिळाला आणि उत्तम चाललेल्या हीटिंगच्या जाळ्यावरही त्याचे शिंतोडे उडाले.

पाचवी बाब २००१ मध्ये कोणाच्याच हातात नव्हती. तेव्हा गावात बनलेली वीज गावातच शेजाऱ्याला विकायची म्हटलं तरी मोठ्या जाळ्याचं पूर्ण वहनशुल्क भरावं लागे, त्यामुळे हमीभाव घेणं हाच व्यवहार्य मार्ग उरायचा. २०२१ च्या नव्या कायद्याने ऑस्ट्रियात स्थानिक ‘ऊर्जा समुदायां’ना मान्यता मिळाली. एकाच स्थानिक जाळ्यावरचे रहिवासी, पालिका आणि छोटे उद्योग आपसात वीज वाटून घेऊ शकतात आणि त्यावरचं वहनशुल्क कमी लागतं. दर सभासदच ठरवतात, हीटिंगच्या जाळ्यासारखा. आज एखादी टेकड्यांतली पालिका ग्युसिंगच्या जागी उभी असेल, तर वीज करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी तिने हा पर्याय आधी तपासावा, आणि वीज छपरावरच्या सौर पॅनेलची घ्यावी. सौर पॅनेलला इंधन लागत नाही, त्यामुळे लाकडाच्या भावाचा प्रश्नच येत नाही. लाकूड हिवाळ्यातल्या गरम पाण्यासाठी राखून ठेवता येईल.